संघ माझ्याशिवाय सुधारत होता

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि बहिणीला मी सगळं सांगते, तिच्या सासरच्यांबद्दल मला काय वाटतं तेसुद्धा. हे मात्र नाही. आताही सरळ सांगता येईल असं वाटत नाही. थोडं इकडून, थोडं तिकडून सांगते. चालेल ना?

मागच्या हिवाळ्यात क्रीडाशिक्षकांच्या एका शिबिरात मला बोलायला बोलावलं होतं. विषय होता, शाळेत मुलींचा फुटबॉल संघ कसा उभा करावा. हो — त्यासाठी मला. शेवटी एक तरुण शिक्षक उठला, कळमेश्वरकडच्या कुठल्याशा शाळेतला. म्हणाला, "मॅडम, कोच चांगला नसला तरी टीम सुधारू शकते काय?" सगळे हसले. आपण काहीतरी वेड्यासारखं विचारलं असं वाटून तो बिचारा खाली बसायला लागला. मी माइक जवळ ओढला आणि ठासून सांगितलं — नाही. संघ म्हणजे कोचचा आरसा असतो. टाळ्या पडल्या.

खोटं होतं ते. कोच वाईट असला तरी संघ सुधारतो. मी पाहिलंय. आणि आपल्याशिवाय संघ सुधारतोय हे रोज डोळ्यांनी बघणाऱ्या कोचचं काय होतं, तेही मला माहीत आहे.

मी मूळची खो-खोची. हुडकेश्वरला एका शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून लागले, तेव्हा तिकडे घरांसाठी प्लॉट पाडलेले निम्मे लेआउट रिकामेच पडलेले होते. मुख्याध्यापकांच्या मनात आलं, मुलींचा फुटबॉल संघ काढू. बाकीच्या शाळांचे निघत होते. मला फुटबॉलमधलं काय येत होतं? चेंडूला हात लावायचा नाही, एवढंच. शिकता आलं असतं. नाही शिकले. ऑफसाइड म्हणजे काय हे मला कित्येक दिवस कळलं नव्हतं, आणि मी कोणाला विचारलंही नाही — विचारलं असतं तर मला येत नाही हे दिसलं असतं.

मग मी करायची काय? ओरडायची. ग्राउंडला राउंड मारायला लावायची. आणि हरलो — आम्ही नेहमीच हरायचो — की मुलींना उन्हात ओळीने बसवायची. एकेकीला उभं करून विचारायची, कोणामुळे हरलो? नाव घे. नाव घेतल्याशिवाय पाणी नाही. त्या पोट्ट्या एकमेकींची नावं घ्यायच्या आणि रडायच्या. मला ती शिस्त वाटायची. वाटायची का? की मला ते आवडायचं?

आवडायचं.

आचल तेव्हा नववीत होती. अंगाने भरलेली, पळायला मंद. वडील कंपनीत शिफ्टला जायचे, आई घरी ब्लाउज शिवायची. एकदा राउंड मारताना ती सगळ्यांत मागे राहिली, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला पळवून काय उपयोग? जा, गोलमध्ये उभी राहा. तेवढीच जागा अडेल." मुली हसल्या. आचलही हसली, मान खाली घालून. ती गोलकीपर झाली ती अशी. मी तिच्यात काही पाहिलं होतं असं समजू नका. मला तिला हसायचं होतं.

गोलमध्ये उभं राहिलं की अख्खं मैदान समोर दिसतं. मला हे ठाऊक नव्हतं, मी कधी तिथे उभीच राहिले नव्हते. आचलला दिसायला लागलं. आणि दिसलं की ती बोलायची. काय आवाज होता तिचा! रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत जायचा. "निकिता, मागं ये वं, तुझ्या पाठीमागून येऊन राहिली!" "डावीकडं कोणीच नाही, तिकडं दे!" निकिता तिची जिवाभावाची मैत्रीण, डिफेन्सला खेळायची — काटकुळी, हट्टी. सुरुवातीला ती चिडायची. मग तिच्या लक्षात आलं, आचल सांगते तसं केलं की गोल होत नाही. हळूहळू सगळ्यांच्याच लक्षात आलं. मी बाहेरून ओरडत राहायची, "पाय चालवा, पाय!" आणि मुलींचे कान मागे, गोलकडे.

मुली शाळा भरण्याआधी जमायला लागल्या, शेजारच्या लेआउटमधल्या मोकळ्या प्लॉटवर. मला कोणी सांगितलं नव्हतं. एकदा स्कूटीवरून जाताना दिसल्या, म्हणून थांबले. आचलने खेळ थांबवला होता आणि ती एकीला विचारत होती, "तू इथं काहून उभी होती? तुले काय वाटलं?" रागावून नाही हं. खरंच विचारत होती, आणि उत्तराची वाट बघत होती. ती मुलगी विचार करून काहीतरी बोलली. सगळ्या ऐकत होत्या. मग त्यांनी तोच डाव पुन्हा खेळून पाहिला.

मी स्कूटी सुरू केली आणि निघून गेले. अभिमान वाटायला हवा होता ना? एखाद्या साध्या बाईला वाटला असता.

आम्ही कमी गोलांनी हरायला लागलो. मग बरोबरी. मग जिंकलो — आणि पुन्हा जिंकलो. शाळेत मला स्टेजवर बोलावलं. रहस्य काय, मॅडम? मी म्हणाले, शिस्त. समोर बसलेली आचल मनापासून टाळ्या वाजवत होती.

एवढ्यावरही कदाचित चाललं असतं. पण एका सामन्यानंतर समोरच्या शाळेचे सर हात मिळवायला आले, जुने फुटबॉलपटू होते, आणि हसत हसत म्हणाले, "मॅडम, तुमची कोच तं गोलमधे उभी आहे!" कौतुकानेच म्हणाले ते. मीही हसले. घरी येऊन भाजी चिरली, जेवले, भांडी घासली. ते वाक्य काही जाईना.

दुसऱ्या दिवशी मी नियम काढला — मैदानात माझ्याशिवाय कोणी बोलणार नाही. आचलने मान डोलावली. पुढच्या सामन्यात ती बोलली नाही. टाळ्या वाजवत होती. डावीकडे धोका असला की एक, उजवीकडे असला की दोन. मुलींना सगळं समजत होतं. टाळ्यांवर बंदी कशी घालणार?

तेव्हा मी ठरवलं. रागाच्या भरात काही करून बसले, असं मला म्हणता येणार नाही. शांत डोक्याने केलं. वाक्यं आधी मनात जुळवून पाहिली, मगच बोलले.

आंतरशालेय स्पर्धेच्या फायनलच्या आधीच्या आठवड्यात मी निकिताला खेळाच्या सामानाच्या खोलीत बोलावलं. दार लोटलं. जवळ बसवलं, डोक्यावरून हात फिरवला — तो हात मला अजून आठवतो — आणि म्हणाले, "बेटा, तुला सांगू नये, पण सांगते. आचल माझ्याकडे आली होती. म्हणत होती, निकिताला काढा, सगळे गोल तिच्याचमुळे होतात. तिला दुसऱ्या शाळेत जायचंय. तिथले लोक म्हणे तिला म्हणाले, तुझ्या टीममध्ये तू एकटीच खेळतेस. मी तिला सांगितलं, निकिताला मी काढणार नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. आणि तिला विचारू नकोस हं, नाहीतर ती फायनलला यायचीच नाही."

निकिताने डोकं वर केलं. मग म्हणाली, "आचल? मॅडम, आपली आचल?"

"हो," मी म्हणाले. "मलाही वाईट वाटलं."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिला थोपटलं. ती आचलला विचारणार नाही पण बाकीच्यांना सांगेल, हे मला माहीत होतं. कोणामुळे हरलो ते नाव घ्यायला मीच त्यांना शिकवलं होतं.

पुढचं मला काही करावंच लागलं नाही. आचल आली की घोळका फुटायचा. डब्याला ती एकटी. सरावात मुली चेंडू गोलमध्ये मारायच्याच नाहीत, तिच्या अंगावर मारायच्या — जवळून, जोरात. एक तोंडावर बसला. नाकातून रक्त आलं. शिट्टी माझ्या हातात होती. मी वाजवली नाही. आचलने बाहीने नाक पुसलं आणि चेंडू परत टाकला.

सराव संपल्यावर ती माझ्याकडे आली. माझ्याकडे — कारण तिला दुसरं कोण होतं? बाहीवर रक्त वाळलेलं. म्हणाली, "मॅडम, ह्या पोट्ट्या माझ्याशी काहून नाही बोलून राहिल्या? माझं काही चुकलं काय?"

मी जाळी गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "तूच विचार कर. उगाच कोणी असं वागत नाही."

ती तिथेच उभी राहिली. विचार करत होती. खरंच करत होती. आपण काय केलं असेल ते ती शोधत होती, आणि मी तिच्यासमोर जाळी गुंडाळत होते.

फायनलला मी तिलाच खेळवलं. दुसरी गोलकीपर नव्हती. नियम मोडून ती ओरडली, "निकिता, मागं!" निकिता वळली नाही. पुन्हा ओरडली. कोणीच वळलं नाही. आमच्यावर गोल झाला. हाफटाइमला ती बाजूला बसली, कोणी तिला पाण्याची बाटली दिली नाही. दुसऱ्या हाफमध्ये ती गप्प होती. आणि काय झालं सांगू? पोट्ट्या सुंदर खेळल्या. एकमेकींना जागा देत, रिकामी बाजू शोधत, न बोलता. तिने इतके महिने जे सांगितलं होतं ते त्यांच्या पायांत उतरलं होतं. आता तिची गरजच उरली नव्हती.

जिंकलो. मुली माझ्या अंगावर येऊन पडल्या. मला उचललं. वरून मला गोल दिसत होता. आचल खांबाला टेकून उभी होती, ग्लोव्हज काढत. तिच्याकडे कोणीही गेलं नाही. मला त्या क्षणी काय वाटलं? गोड वाटलं.

ती नंतर खेळायला आली नाही. शाळेतही क्वचित. एके दिवशी तिची आई आली. धुतलेली जर्सी आणि ग्लोव्हज पिशवीत घालून आणले होते. "मॅडम, पोरगी घरातून नाही निघून राहिली. जेवत नाही. काही सांगत पण नाही. काही झालं काय शाळेत?"

सांगायची वेळ तेव्हा होती. ती बाई समोर होती, मी समोर होते. मी म्हणाले, "तुमची मुलगी थोडी घमेंडी आहे हो. बाकीच्या मुलींना कमी लेखते. त्याचंच झालं हे. समजवा तिला."

बाईचा चेहरा पडला. तिने हात जोडले. "तिचं चुकलं असन तं माफ करा, मॅडम. मी बोलीन तिले."

ती घरी जाऊन बोललीच असणार. घरातही आचलला कोणी उरू दिलं नाही मी.

आमचा संघ पुढेही चांगला खेळत राहिला. नव्या मुली जुन्यांकडून शिकत गेल्या, त्यांच्याकडून आणखी नव्या. माझं नाव होत गेलं. निकिता विद्यापीठाकडून खेळली, आता तीही एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे.

आचल मला मध्ये एकदाच भेटली, कपड्याच्या दुकानात. लग्न होऊन मौद्याला असते, सोबत छोटी मुलगी होती. मी दुसरीकडे बघत होते, तीच पुढे आली आणि माझ्या पाया पडली. मुलीला म्हणाली, "ह्या माझ्या मॅडम. ह्यायनंच मले गोलकीपर केलं होतं." मी मुलीच्या गालाला हात लावला. आणि आचलला म्हणाले, "वजन आणखी वाढवलंस की गं." इतक्या वर्षांनीसुद्धा. ती हसली. मान खाली घालून.

मी या उन्हाळ्यात निवृत्त झाले. जुन्या मुलींनी माझा सत्कार ठरवला. फोनाफोनी निकिता करत होती. सगळं ठरल्यावर तिने मला फोन केला, जरा चाचरतच. "मॅडम, एक विचारू? आचलले पण बोलवू काय? इतकी वर्षं झाली. तिनं केलं ते केलं, लहान होतो आपण. मी मनातून काढून टाकलं. तुम्ही म्हणसान तं मी स्वतः जाईन मौद्याला, घेऊन येईन तिले."

फोन कानाला लावून मी गॅलरीत उभी होते. पलीकडे निकिता वाट बघत होती. जे आचलने कधी केलंच नाही, त्याची माफी घेऊन ती निघायला तयार होती. दोघी भेटल्या असत्या, बोलल्या असत्या, आणि बोलता बोलता सामानाच्या खोलीपर्यंत आल्या असत्या.

"नको," मी म्हणाले. "उगाच कशाला? तिलाच अवघडल्यासारखं होईल."

निकिता म्हणाली, बरं मॅडम.

कार्यक्रम चांगला झाला. सगळ्या आल्या होत्या.