जाळीवरची गाठ

"हात काढ गं, कातकरणी."

शेठाणी एवढ्या मोठ्यानं ओरडली की दर्ग्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. माझा हात जाळीवर. बोटांत सुटलेला लाल धागा.

पनवेलजवळच्या वीटभट्टीवर आमी नवराबायको विटा थापायचो. पोर तापानं फणफणली तेव्हा मी समुद्राकाठच्या या पिराच्या जाळीला धागा बांधला होता. दर्गा सांभाळणारा मुजावर तेव्हा म्हणाला होता, "मन्नत पूरी हुई तो आके एक गाठ खोलना. किसी की भी." एवढ्या धाग्यांत आपला कोण ओळखणार? पोर वाचली. भट्टी पेटवायच्या आधी भट्टीचा शेठ दरसाल इथं भात घालायचा. यंदा तांदळाच्या गोणी उतरवायला मला टेम्पोत घेतलं. म्हटलं, आयतंच झालं. पोरीला घेऊन आले आणि हाताला आली ती गाठ सोडली.

ती निघाली शेठाणीची. लेकाच्या लग्नासाठी बांधलेली, म्हणे.

"परत बांध ती," शेठाणी म्हणाली. मी हात पुढं केला तर किंचाळली, "शिवू नकोस! बाटवलंस सगळं."

आता बांधू का नको, बाई? मला हसू आलं. तिनं थोबाडीत मारली. माझ्या पोरीसमोर.

मी मुजावराकडं बघितलं. नियम त्यानंच सांगितलेला. तो उदबत्त्या सारख्या करत बसला. भात शेठचा होता ना.

शेठ म्हणाला, "उंबऱ्यावर नाक घास. नायतर उद्यापासून भट्टीवर येऊ नको."

खोटं कशाला सांगू, मी वाकले होते. आजवर वाकतच आलेले. तेवढ्यात पोर माझ्या बाजूला गुडघ्यावर बसली. चार वर्षांची. आई करते ते करायला निघाली, नाक उंबऱ्याजवळ नेलं.

माझ्या अंगाची आग झाली. पोरीला खसकन उचललं.

"शेठ, तुमच्या नव्या घराची वीट न वीट या हातानं थापलीय. पयलं ते घर पाडा. मग मी नाक घासते."

टेम्पो आमाला टाकून गेला. न्हावा शेव्याच्या कंटेनरगाड्यांची धूळ खात, पोरीला कडेवर घेऊन मी उरणपर्यंत चालले, तिथनं पनवेलची एसटी धरली. नवरा जाम भडकला, खायचं काय म्हणाला. त्याचंही खरं होतं. त्या साली लई हाल काढले. पण त्या भट्टीवर परत पाय ठेवला नाय, त्याला बी ठेवू दिला नाय.

दर्ग्यात मात्र दरसाल जाते. पीर काय शेठच्या बापाचा नाय. पोरीला शेजारी उभी करते आणि दोघी जाळीला हात लावतो.

हात काढ म्हणू दे कोणी. काढणार नाय.