पंखा बंद, पेटी चालू

मी भाडेकरूंची भांडणं भांडतो. कायदा शिकलो तो कचेऱ्यांच्या बाकांवर, नंबर लागायची वाट बघताना. माझं डोकं लवकर तापतं, आणि त्याची मला लाजही वाटत नाही. घरमालकासमोर थंड डोक्याचा माणूस उभा केला की तो हात जोडून परत येतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. म्हणून, सगळी इमारत जिला मावशी म्हणते तिच्या शेजारणीने, घरमालक वीज तोडतो, असा निरोप धाडला तेव्हा मी कागद, पेन आणि राग घेऊनच गेलो.

मावशी तळमजल्यावरच्या खोलीत जमिनीवर बसली होती. समोर तारा, पकड, कात्री आणि उघडलेला एक पोर्टेबल चार्जर, लोक ज्याला पॉवर बँक म्हणतात तो. मी कागद काढून घरमालकाचं पूर्ण नाव विचारलं. तिने मान वर न करता टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पुढारी, तक्रार नंतर लिही. आधी इथे उजेड धर."

तेव्हापासून तिच्यासाठी मी पुढारीच आहे.

मावशी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत इस्त्रीखात्यात आहे. ओल्या चादरी दोन तापलेल्या रुळांमधून सरळ घालायच्या, पलीकडे कोरड्या निघतात त्या ओढून घडी करायच्या. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याच्या जुन्या खुणा आहेत, आणि रुळांच्या घरघरीमुळे ती साधं बोलतानाही ओरडते. नवरा गेल्यावर ती आणि सासू, दोघीच राहिल्या. पन्नाशीला आली तेव्हा एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राच्या सामानातून तिने एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड उचलला, आणि त्याच्याबरोबर तळहाताएवढा एक तालाचा डबा. डब्याचं एक बटन दाबलं की ठेका सुरू. वाजवायचं कुणी शिकवलं नाही. चार पट्ट्या कुठल्या दाबल्या की बरं वाटतं आणि कुठल्या दाबल्या की सासू ओरडते, यावरून ती शिकली. सासूच्या लेखी कीबोर्ड म्हणजे पेटी.

पुढे लॉन्ड्रीतल्या चौघीजणी रविवारी दुपारी तिच्या अंगणात जमू लागल्या. गाणी त्यांचीच, रुळांच्या घरघरीत ओरडून ओरडून बांधलेली. त्यातली मुख्य गायिका कावळी. हे नाव तिने स्वतःच घेतलंय, दुसऱ्या कुणी ठेवायच्या आत. आवाज फाटका, पण काळीज हलवणारा. खिडकीतून वायर अंगणात यायची, कीबोर्ड स्टुलावर, आणि या बायका दोन तास आठवड्याभराची वाफ बाहेर काढायच्या.

घरमालक वरच्या मजल्यावर राहतो. सगळ्या खोल्यांचे फ्यूज जिन्याखालच्या खोक्यात आहेत, खोक्याला कुलूप आहे आणि किल्ली त्याच्या कमरेला. भाडेकरू त्याला फ्यूज म्हणतात, अर्थात पाठीमागे. दर रविवारी गाणं जरा रंगात आलं की हा चपला फटफटवत खाली यायचा, कुलूप उघडायचा, मावशीच्या खोलीचा चिनीमातीचा फ्यूज उपसून खिशात टाकायचा आणि वर जायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "लोड येतो."

कसला लोड? कीबोर्डला लागते त्याच्या दसपट वीज त्याची पाण्याची मोटर खाते. आणि वीज काही तो फुकट देत नव्हता, भाड्यात धरून घेत होता. पण फ्यूज गेला की नुसतं गाणं बंद पडत नसे, खोलीतला पंखाही बंद पडे. खोलीला खिडकी एकच. सासूला दम्याचा त्रास. ती घामाघूम होऊन दारात यायची आणि चौघींसमोर सुनेला म्हणायची, "पेटी की पंखा, एकदाचं काय ते ठरव."

मावशीचं दुखणं ते होतं, घरमालक नव्हे. हे कळायला मला वेळ लागला. मी तिला कलमं सांगत होतो, वीज तोडणं हा गुन्हा कसा आहे ते समजावत होतो. ती ऐकून घेत होती आणि तारेचं टोक दाताने सोलत होती. शेवटी तिने विचारलं की निकाल कधी लागेल. मी म्हटलं, वर्ष तरी जाईल. तेव्हा ती थांबली.

"वर्षभर हात थांबले तर ते परत चालायचे नाहीत. या वयात सुरू केलंय मी. एकदा झाकण लावलं की त्याच्यावर सासूच्या औषधांच्या बाटल्या येतील, मग धुतलेली भांडी येतील, आणि मग मीच म्हणेन, जाऊ दे. चौघीही पांगतील. मला त्याची वीज नको, त्याच्याशी भांडणही नको. मला रविवार पाहिजे."

मग मी टॉर्च धरला. दोन्ही यंत्रं पॉवर बँकवर चालवायची, म्हणजे त्याने फ्यूज काढला तरी गाणं थांबणार नाही, असा तिचा बेत होता.

दोन्ही यंत्रांना नऊ व्होल्ट लागतात आणि पॉवर बँक देते पाच. कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्त करणारा एक इसम बसतो, डोळ्याला कायम भिंग लावलेला, म्हणून लेन्स. त्याने पाचाचे नऊ करणाऱ्या दोन केबल दिल्या. पिना मात्र मावशीने स्वतः जोडल्या, कारण लॉन्ड्रीत ती मशिनच्या वायरी बघत आलेली, आणि स्वतःच्या हातावर तिचा भारी विश्वास. तिथल्या प्रत्येक पिनेत आतला भाग अधिक आणि बाहेरचा उणे. तिने तशाच जोडल्या. तालाच्या डब्याला पिन लावली, बारीक चट् असा आवाज आला आणि उदबत्तीएवढा धूर निघाला.

संगीताच्या यंत्रांत बऱ्याचदा उलटं असतं, आत उणे. डब्याच्या पाठीवर तसं चित्रही होतं, पण ते पाहायचं मावशीच्या मनात आलं नाही आणि मी तर नुसता दिवा धरून होतो. लेन्सने डबा उघडला, नाकाला लावून हुंगला आणि सांगितलं की बाकी सगळं शाबूत आहे, दारावरचा पहारेकरी तेवढा मेला. उलटी वीज अडवणारा एक छोटा भाग जळला होता. त्याने तो बदलला आणि मावशीला टोला हाणला, "डबा इस्त्रीला दिला नव्हता तुम्हाला."

मावशीने घरी येऊन दोन्ही पिना कापल्या, मीटर लावून तपासल्या आणि नव्याने जोडल्या. कीबोर्डलाही आत उणेच होतं, तो केवळ नंबर न लागल्यामुळे वाचला होता.

मग दोन्ही यंत्रं एका पॉवर बँकवर लावली तर स्पीकरमधून डास शिरल्यासारखी कुईं सुरू झाली. कावळी म्हणाली, माझ्यापेक्षा वाईट गाणारी आणलीत कुठून? दोघांना वेगवेगळी पॉवर बँक दिली आणि कुईं गेली. स्पीकर आधीच स्वतःच्या बॅटरीवर चालणारा होता. झालं, म्हणून मी टाळ्या वाजवल्या.

त्या रविवारी घरमालक फ्यूज काढायला खाली आला नाही, कारण त्याची गरजच पडली नाही. पहिलं कडवं जेमतेम होतंय तोवर ठेका आपोआप गप्प झाला. मावशीने बटन दाबलं, सुरू झाला. अर्ध्या मिनिटाने पुन्हा गप्प. कावळी शब्द धरून लोंबकळत राहिली. घरमालक वरून गॅलरीतून बघत होता, आणि आमच्या नशिबी त्याचं हसू आलं. मी जिन्याकडे निघालो होतो. मावशीने माझी बाही धरली आणि म्हणाली की वर जाऊन ठेका सापडणार नाही.

तिने ते दिवसभर डोक्यात घोळवलं. कीबोर्ड चालू राहतो, डबाच का मरतो? पॉवर बँक भरलेली, केबल ठीक. दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीतून येताना ती लेन्सकडे थांबली आणि दोघांचा वाद झाला. लेन्सचं म्हणणं, पॉवर बँक सदोष. मावशीचं म्हणणं, दोन्हींची अदलाबदल करून पाहिली, तरी मरतो तो डबाच. मग तीच बोलता बोलता अडखळली. डबा खातो किती? जवळजवळ काहीच नाही. पॉवर बँकेला वाटत असणार की मोबाइल भरला, आता कुणी जेवायचं राहिलं नाही, आणि ती ताट उचलून झोपी जाते. लेन्सने भिंग कपाळावर सारलं आणि मान हलवली.

मग उपाय काय? रिकामटेकडा एक खाणारा शेजारी बसवायचा. मावशीने टॉर्चचा जुना, तारेचा बल्ब त्याच पॉवर बँकेच्या दुसऱ्या तोंडाला जोडला. बल्ब जळत राहिला की बँक जागी, बँक जागी की ठेका चालू.

घरी तालीम केली. ठेका काही केल्या थांबेना. मावशीचा चेहरा मी पहिल्यांदा सैल झालेला पाहिला, आणि तेवढ्यात ठेका थांबला. आम्ही सगळ्या तारा तपासल्या. सासू शांतपणे पलंगावर बसली होती, बल्ब तिच्या मुठीत.

"दिवसाढवळ्या दिवा कशाला जाळता?" ती म्हणाली. "मीच काढला. तुम्हाला कुणाला सुचेना."

मावशी हसायला लागली ती आवरेना. सासूला वाटलं आपली थट्टा चाललीय, ती फुगून बसली. मग मावशीने तिला सगळं समजावून सांगितलं, ताट, जेवण, झोप, सगळं. सासूने ऐकलं आणि बल्ब परत देताना विचारलं, "म्हणजे आता तो मेला माझा पंखा बंद करणार नाही?"

मावशी खोटं बोलली नाही. म्हणाली, करेलही. पण पेटीमुळे करतो असं त्याला म्हणता येणार नाही.

दोन्ही बँका आठवडाभर त्याच खोलीत, त्याच फ्यूजवर भरल्या गेल्या. घरमालकाला पत्ताही नव्हता. विजेचं त्याला कधीच काही नव्हतं, आवाजाचं होतं.

पुढच्या रविवारी चौघी जमल्या. खिडकीतून वायर आली नाही हे इमारतीतल्या बायकांच्या लगेच लक्षात आलं, काही जणी गॅलरीत उभ्या राहिल्या. ठेका सुरू झाला आणि कावळीने उचललं:

*वाफ कुणाची, घाम कुणाचा,*
*पांढरी चादर, दाम कुणाचा...*

चपला फटफटल्या. फ्यूज आला, कुलूप उघडलं, चिनीमातीचा तुकडा उपसून खिशात टाकला. खोलीतला पंखा गरगरत थांबला. अंगणातला ठेका थांबला नाही. घरमालक तिथेच उभा राहिला, खिशात हात घालून. फ्यूज खरंच खिशात आहे की नाही हे तो चाचपत होता.

सासू काठी टेकत बाहेर आली. सवयीने ती सुनेकडे वळेल असं मला वाटलं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पेटी तुझ्या विजेवर नाही. तुझ्या विजेवर होता तो माझा पंखा. सांग आता, कसला लोड येतो माझ्या पंख्याचा?"

गॅलरीतल्या बायका ऐकत होत्या. रोज मूग गिळून बसणाऱ्या त्या बायकांपैकी एकजण वरून म्हणाली, फ्यूज लाव, म्हातारीला दमा आहे. मग दुसरी. माझी जीभ शिवशिवत होती, पण त्या दुपारी माझी कुणाला गरज नव्हती. फ्यूजने फ्यूज लावला. पंखा फिरला. पण असा माणूस रिकाम्या हाताने वर जात नाही. जिन्यात एक पाय ठेवून त्याने हुकमाचं पान टाकलं: खोली भाड्याने दिली आहे, अंगण दिलेलं नाही. अंगण त्याचं. अंगणात गाणं बंद.

यावर कलम आहे आणि ते मी तोंडावर फेकणार होतो. मावशीने एक क्षण खिडकीकडे पाहिलं, जिथून इतके दिवस वायर यायची. मग कीबोर्डकडे. तिच्या मनात काय आलं ते मला तेव्हा कळलं जेव्हा तिने स्टूल पायाने बाजूला सारलं आणि कीबोर्ड दोन्ही हातांवर उचलून घेतला. तो चालूच होता.

"हे घे तुझं अंगण," ती म्हणाली. रागाने नाही, एखाद्याची उसनी वस्तू परत करावी तशी.

चौघींपैकी एकीने डबा, जळता बल्ब आणि दोन्ही बँका पिशवीत घेतल्या, दुसरीने स्पीकर खांद्यावर मारला. फाटकाबाहेर पडताना ठेका चालू होता. कावळीने कडवं सोडलं नव्हतं. रस्त्यात माणसं वळून बघत होती आणि मावशी इस्त्रीखात्यात चालते तशी, कुणाला धक्का लागला तरी न थांबता, चालत होती. सासूला घरी बस म्हटलं तर तिने ऐकलं नाही. मी तिचा हात धरला. ती म्हणाली की पंखा चालू ठेवून आलेय, जळू दे वीज.

कुठे जायचं ते कुणी ठरवलं नव्हतं. लॉन्ड्रीच्या वाटेवर बंद पडलेला एक पेट्रोल पंप आहे. पंप उपटून नेलेत, उंच पत्र्याचं छप्पर तेवढं उरलंय. मावशी त्या सावलीत शिरली आणि कीबोर्ड सिमेंटच्या चौथऱ्यावर टेकवला. कावळीने पुढची ओळ घेतली आणि तिचा फाटका आवाज छपराला लागून असा मोठा होऊन परत आला की ती स्वतःच दचकून गप्प झाली. मग तिने तीच ओळ पुन्हा म्हटली, मुद्दाम, वर मान करून.

तक्रार मी केलीच. ती अजून चालू आहे, तारखा पडतात. मावशी तारखेला येते, सही करते आणि तालमीला उशीर होतो म्हणून निघून जाते. हल्ली रविवारी छपराखाली उभं राहायला जागा नसते. लॉन्ड्रीची दुसरी पाळीही येते, आणि आपली बंद पडलेली यंत्रं पिशवीत घालून अनोळखी वाजवणारेही येतात. मावशी आधी पिशवीतली वस्तू उलटी करते, पाठीवरचं चित्र बघते आणि मगच विचारते, काय वाजवता?