दगडावरची झोप

काल नात शाळेचा धडा मोठ्यानं वाचत होती, राजाला गादीवर झोप येत नव्हती अन् लाकूडतोड्या दगडावर सुखानं घोरत होता. माझं डोकंच सणकलं बघा. हीच गोष्ट मी लहानपणी सिल्लोडकडं, कापसाच्या रानात ऐकली होती.

शेवटच्या वेचणीला मालकीणबाईनं वेचणाऱ्या प्रत्येकीच्या ओटीत ओंजळभर कापूस टाकायचा, अशी रीत होती. थंडी लई होती, आईला माझ्या तान्ह्या भावासाठी इवलीशी गादी करायची होती. त्या वर्षी बाईनं कापसाऐवजी ही गोष्टच दिली. वर म्हणाली, "समाधान ठेवावं गं. दुसऱ्याच्या कापसावर डोळा ठेवू नये."

आई पसरलेली ओटी न आवरता म्हणाली, "आक्का, मग दगड तुम्ही घ्या. कापूस आम्हाला द्या."

"लई जीभ चालती गं तुझी!"

बाया पदराआड हसल्या. ओटी रिकामीच राहिली. मी मात्र लाजून कापसाच्या पऱ्हाटीमागं दडले होते. बोंडांनी ओरखडलेल्या हातांच्या माझ्या आईची मला लाज वाटली, याचा आज जास्त संताप येतो.

नातीनं विचारलं, "आजी, इथं लिहायचंय, लाकूडतोड्या सुखी का होता?"

म्हटलं, "लिही, त्याला कुणी विचारलंच नव्हतं."