बाबांच्या नावाची फुंकर

नातीच्या वाढदिवसाला फुगा तोंडाला लावला, की त्या रबराच्या वासानं मला दिघ्याची दगडखाण आठवते. ऐंशी सालाच्या सुमारास छातीच्या डॉक्टरांची संघटना तिथे तपासणीला आली होती. मशीनच्या रबरी नळीत फुंकायचं होतं, आणि फुंकर कमी पडेल त्याला कामावरून काढणार, अशी वस्तीत बोलवा होती. त्याच खाणीत राबून धुळीनं खोकणारे बाबा म्हणाले, "माझ्या नावावर तू जा. तुझा दम चांगला हाय." मी विशीतला, पण धुळीनं माखलेल्या रांगेत वय कुणी विचारलं नाही; बाबांचं नाव सांगून जीव खाऊन फुंकर मारली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धुळीत राहून एवढी दणकट छाती?" पंधरा दिवसांनी डॉक्टरांच्या त्या संघटनेनं तपासणीचे आकडे दाखवून खाणमालकाला नमवलं. कमी फुंकलेल्यांना औषधं मिळाली आणि धुळीपासून लांब, गेटवरचं काम मिळालं. त्यांच्या रिकाम्या जागी, दगड भरडणाऱ्या क्रशरच्या तोंडाशी, सगळ्यात दाट धुळीत, बाबांना उभं केलं, कारण त्यांची छाती दणकट होती. खरं सांगितलं तर फसवलं म्हणून काढतील, या भीतीनं आम्ही दोघं गप्प बसलो. पुढच्या वर्षी बाबा गेले. आता नात टाळ्या पिटते, "आजोबा एका दमात फुगवतात." फुगवतोच. तेवढा दम बाबांच्या नावावर लिहिलेला आहे.