पुलाच्या अलीकडचा पंप

ती केस मी आजही विसरलेलो नाही, आणि खरं सांगायचं तर विसरायची इच्छाही नाही. न्यू जर्सीत डिटेक्टिव्ह म्हणून इतकी वर्षं काढली, पण मान ताठ ठेवून सांगावी अशी हीच. नाव कोणाचंच घेत नाही.

जवळच्या एडिसन गावाहून एका मावशींचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. "आमच्या नाटकाच्या ग्रुपमधली एक जण बोलायला तयार आहे, पण मराठी ऑफिसरशीच."

दुसऱ्या दिवशी ती आली. चाळिशीची, चांगल्या नोकरीतली. चौदा वर्षांपूर्वी, भारतातून नुकतीच आलेली असताना, पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगाहून परतताना ग्रुपच्या दिग्दर्शकाने घरी सोडतो म्हणून तिला गाडीत घेतलं आणि वाटेत एका पेट्रोल पंपामागे गाडी लावून अत्याचार केला.

"आता तो नव्या मुलींना टूरवर नेतोय," ती म्हणाली. "म्हणून आले."

पंप कुठला, ते तिला माहीत नव्हतं. सगळं तिथेच अडलं. आमच्या राज्यात अशा गुन्ह्याचा खटला भरायला मुदत नाही, पण नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात ती उलटून गेली होती. गुन्हा तोच, पण पुलाच्या एका बाजूला खटला आणि दुसऱ्या बाजूला शून्य.

एक गोष्ट मात्र ती पुन्हा पुन्हा सांगायची. "नंतर त्याने तिथेच पेट्रोल घेतलं. भरणारा माणूस खिडकीशी आला होता. मी ओरडले का नाही?" तिच्या मनातली बोच म्हणून मी ते लिहून घेतलं आणि पुढे गेलो.

आठवड्याने पलीकडच्या पोलिसांशी बोलायला म्हणून निघालो. पूल ओलांडून एका पंपावर थांबलो आणि काच खाली करून बसून राहिलो. कोणी येईना. मागच्याने हॉर्न वाजवला आणि ओरडला, "मिस्टर, इथे स्वतः भरायचं असतं!"

आमच्या राज्यात ग्राहकाला नळी हातात घ्यायची परवानगीच नाही, पेट्रोल माणूसच भरतो. तीस वर्षं तिथे राहून मी हे विसरलो होतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा. स्वतःला शिवी हासडली आणि गाडी उलटी वळवली.

चौकशीला दिग्दर्शक वकिलासह आला. कायद्याची माहिती काढूनच आला होता. "थांबलो होतो एकदा, पण पलीकडे, पेनसिल्व्हेनियात. पेट्रोल घेतलं आणि निघालो."

"स्वतः उतरून भरलंत?"

"छे! थंडी केवढी होती. मी उतरलोच नाही. काचेतून कार्ड दिलं त्या माणसाला."

वकिलाने त्याच्या दंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता; खिडकीशी येणारा माणूस पुलाच्या अलीकडेच भेटतो. त्याच्या अटकेची बातमी पसरली तशा आणखी दोघी पुढे आल्या, आणि शेवटी त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला.

माझा पार्टनर म्हणायचा, "देशभर एकच कायदा असता, तर कदाचित मुदतवालाच असता. राज्यं वेगळी आहेत म्हणून ही केस उभी राहिली." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या कायद्याचा मला अभिमान आहे, आमच्या तपासाचाही. पण सगळ्यांना एवढं तरी मिळावं, अशी किमान रेषा देशाने आखायलाच हवी, असं माझं ठाम मत झालं ते कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये.

ती तिथे पहिल्यांदाच मोकळी हसली. मग थांबून म्हणाली, "हेच पुलाच्या पलीकडे झालं असतं तर? तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला असता?"

"ठेवला असता," मी म्हणालो. "पण त्याला घरी जाऊ द्यावं लागलं असतं."