एका विरजणाची गल्ली

मंडळी, हात अजून खडूने पांढरे आहेत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी कॉलेजात गणित शिकवते. उद्या वर्गात नेटवर्क शिकवायचंय. माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे रेघ. उदाहरण हवं म्हणून दुपारी अंगणातल्या फरशीवर अमडापूरची आमची गल्लीच काढली. प्रत्येक घर एक ठिपका, आणि कोण कोणाकडून विरजण नेतं, तशी रेघ.

"काऊन वं, फरशीवर हे काय काढून राह्यली?" म्हणत आई आली. मग तीच सांगत गेली आणि मी रेघा ओढत गेले.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून गल्लीच्या दोन बाजू एकमेकींशी बोलत नाहीत. पण रेघा दोन्हीकडे जात होत्या! बाजू ओलांडणारी प्रत्येक रेघ कोपऱ्यावरच्या शांताकाकूंच्या ठिपक्यातून. म्हणजे भांडलेली अख्खी गल्ली एकाच विरजणाचं दही खाते.

काकू आता कायमच्या मुलाकडे पुण्याला चालल्यात. मी तो ठिपका ओल्या फडक्याने पुसून पाहिला. गल्लीचे सरळ दोन तुकडे झाले.

आई फरशीवर वाकली. "काकू गेल्यावर समोरच्या लताले विरजण कोन देईन?" म्हणाली, आणि दिवे लागायच्या आत वाटी घेऊन पलीकडे गेलीसुद्धा.

वाटी परत आली ती गुळाचा खडा घेऊन. मी आमच्या आणि लताच्या ठिपक्यांमध्ये दोन्ही बाजूंनी बाण काढला.

तुमच्या घरचं विरजण मुळात कोणाकडून आलंय, आठवतंय का?