गाईचं चित्र आणि चांदवडचं पत्र

आमच्या ट्रेनिंग कॉलेजात एक गाय होती. कागदावर रंगवलेली, मागून कापड चिकटवलेली, आणि हाताळून हाताळून एका कानाचा रंग पार उडालेली. मास्तरीण व्हायला आलेली प्रत्येक मुलगी दोन वर्षांत केव्हा ना केव्हा त्या गाईला शरण जाई. १९३० नंतरच्या तीन-चार वर्षांतली नाशकातली ही गोष्ट. मीही शरण गेले होते.

कॉलेजला लागूनच मुलींची सरावशाळा होती. आम्ही शिकवायला शिकायचं ते तिथल्या मुलींवर. वर्गाच्या मागच्या बाजूला मोठ्या बाई, म्हणजे कॉलेजच्या मुख्य बाई, वही उघडून बसत आणि त्यांच्या शेजारी आमच्याच मैत्रिणी आपापल्या वह्या घेऊन. पाठ संपला की सगळ्या मिळून चुका काढायच्या. याला टीकापाठ म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्यानं काही लपवून ठेवलेलं नव्हतं. अशा वेळी नवा धडा घ्यायचं धाडस कोण करणार? दुसरीच्या पुस्तकात गाईचा धडा होता, कपाटात गाईचं चित्र होतं, आणि आधीच्या वर्षांच्या बायांनी लिहिलेली पाठांची टाचणं वसतिगृहात हातोहात फिरत होती. नव्या शिक्षणपद्धतीवर आम्ही पानंच्या पानं लिहून काढत होतो आणि वर्गात गाय टांगत होतो.

सरावशाळेच्या मुली सोशिक होत्या. गाईला पाय किती, हे त्यांना इतक्या बायांनी विचारलं होतं की आपल्या बायांना हे अजून कसं कळलेलं नाही, याची त्यांना काळजी वाटत असावी. पुस्तकातले पुढचे धडे मात्र कोरे करकरीत राहिले होते. तिथवर कोणी पोचतच नसे.

माझ्या टीकापाठाच्या दिवशी माझी पाचावर धारण बसली. फळ्यापाशी गेले आणि पुढचं सगळं विसरले. पहिल्या रांगेत तांबट आळीतली एक नऊ वर्षांची मुलगी बसायची, दोन घट्ट वेण्या घातलेली. ती ओठ न हलवता म्हणाली, "बाई, आता चित्र लावायचं." मी चित्र लावलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता मला उभं करा." मी तिला उभं केलं. तिनं ओळीखालून बोट फिरवत, विरामचिन्हाशी थांबत, खणखणीत आवाजात अख्खा धडा वाचला. मोठ्या बाईंनी वहीत लिहिलं, 'वाचन उत्तम. विद्यार्थिनींचा प्रतिसाद उत्साही.' तो शेरा मी त्याच दिवशी वडिलांना पत्रानं कळवला. वडील लोकल बोर्डाच्या शाळेत जन्मभर अनट्रेन्ड मास्तर होते. त्यांना फार आनंद झाला.

पंधरा दिवसांनी त्या मुलीची आई शाळेत आली. लेक बरोबर होतीच. बाईनं येताना चिवडा आणला होता.

"बाई, तुम्ही पोरीचं सोनं केलंत," ती म्हणाली. "आमच्या घरात कुणाला अक्षर कळत नाही. थोरलीचं पत्र आलं की आधी शेजारच्या कारकुनाचे पाय धरावे लागायचे. आता ही वाचते. तीन पत्रं घडाघडा वाचली हिनं."

थोरली चांदवडला दिलेली होती. लग्नाआधी ती मामाच्या गावी एका म्हाताऱ्या मास्तरांकडे तीन यत्ता शिकली होती. त्या मास्तरांपाशी चित्र नव्हतं, टाचण नव्हतं. अक्षर आल्याशिवाय ते मुलांना घरी सोडत नसत, एवढीच त्यांची पद्धत. त्यामुळे थोरली आपलं पत्र आपल्या हातानं लिहायची.

"उत्तर तेवढं तुमच्या हातचं जाऊ द्या," आई म्हणाली. "व्याह्यांनी पाहिलं तर शोभलं पाहिजे. म्हणावं, दिवाळीनंतर तुला बाळंतपणाला घेऊन येतो, घाई नाही."

मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. कशाचं उत्तर द्यायचं ते पाहावं म्हणून मी शेवटचं पत्र मागितलं. ते तिनं कमरेच्या पिशवीतून काढून दिलं. मोठी वाकडी अक्षरं होती, पण स्पष्ट होती. 'हे तिसरे पत्र. मला ताप येतो. पायाला सूज आहे. उभे राहवत नाही. कोणी येत नाही. दादांना पाठवा. आई, मला ने.'

मी एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. मग मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे अगदी विश्वासानं बघत होती.

"तू काय वाचून दाखवलंस?" मी विचारलं.

तिनं हात मागे घेतले, मान ताठ केली आणि टीकापाठातल्या त्याच आवाजात म्हणाली, "सर्व मंडळी खुशाल आहेत. पाऊसपाणी ठीक आहे. मी बरी आहे. काळजी करू नये. सर्वांना नमस्कार."

"पण हे यात कुठं आहे?"

"पत्रात असंच असतं ना बाई?" ती म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. कागद हातात धरायचा, बोट फिरवायचं, आणि सगळ्यांना आधीच ठाऊक असलेलं स्वच्छ आवाजात म्हणायचं, यालाच वाचन म्हणतात असं आम्ही इतक्या जणींनी तिला शिकवलं होतं. ती आमची सर्वांत हुशार विद्यार्थिनी होती.

मी ते पत्र तिच्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्या आयुष्यात मी इतकं वाईट वाचन केलेलं नाही. शब्दाशब्दाला अडखळत होते. त्या बाईनं पत्र माझ्या हातातून घेतलं, पदर खोचला आणि घराकडे जवळजवळ धावत सुटली. चिवड्याचा डबा तिथंच राहिला. त्याच दुपारी मुलीचे वडील, पत्रातले दादा, हातातलं काम टाकून आग्रा रोडच्या मोटारीनं चांदवडला गेले.

मी मोठ्या बाईंकडे गेले आणि सांगितलं, "त्या मुलीला वाचता येत नाही." त्यांनी शांतपणे वही काढली, पान शोधलं आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्याच पाठात तिचं वाचन उत्तम झालं आहे. इथं लिहिलंय." मला त्यांचा संताप आला आणि त्याहून अधिक स्वतःची लाज वाटली, कारण तो शेरा मला तोंडपाठ होता.

थोरलीला आणलं. ती वाचली, मूल वाचलं नाही. हे मला कळलं तेव्हा मी वसतिगृहाच्या न्हाणीघरात जाऊन रडले. मग मधल्या सुट्टीत त्या धाकटीला घेऊन पहिल्या अक्षरापासून बसले. ती हिरमुसली. धडे पाठ असलेल्या मुलीला 'क' कुठला ते ओळखता येत नव्हतं, हे तिला माझ्याइतकंच नवीन होतं. "चित्र लावा ना बाई," ती म्हणायची. मी लावत नसे.

वर्षअखेरीस परीक्षेचा पाठ आला. तपासायला बाहेरचे साहेब आले होते. मैत्रिणींनी गाय कपाटातून काढून झटकून ठेवली होती. मी ती घेतली नाही. थोरली तोवर माहेरी हिंडूफिरू लागली होती. तिच्याकडून मी एक कार्ड लिहवून घेतलं होतं, बहिणीच्या नावानं. त्यात काय लिहिलंय ते मीही पाहिलं नव्हतं. धाकटीला उभं केलं आणि ते कार्ड तिच्या हातात दिलं.

तिचं बोट पहिल्या अक्षरावर टेकलं आणि तिथंच राहिलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मोठ्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी वर्गात विस्तव आणून ठेवलाय. ती अक्षर लावत होती, सोडत होती, परत लावत होती. तास संपत आला तेव्हा कुठं एक ओळ झाली. "मी... तुझ्यावर... रागावले... नाही."

ती थांबली. मग कार्ड माझ्यापुढे धरून तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं, "बाई, हे यात लिहिलंय, की मीच म्हणतेय?"

साहेबांनी माझ्या पाठाला लिहिलं, 'गती अत्यंत मंद. चित्राचा उपयोग नाही.' मी कशीबशी पास झाले. पण ते नंतर. त्या क्षणी मी वाकून ती ओळ पाहिली आणि तिला सांगितलं, "लिहिलंय गं. तिनंच लिहिलंय." तिनं मान हलवली, बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर नेलं आणि खात्री करायला ती ओळ परत वाचू लागली.